कमांड-लाइन ऑप्शन एकसारखे करा, पण जुन्या स्क्रिप्ट मोडू देऊ नका

कमांड-लाइनवर चालणारं एखादं साधन पहिल्यांदा लोकांच्या हाती जातं तेव्हा त्याला दोन-चार ऑप्शन असतात आणि ते लिहिणाऱ्याच्या सोयीनं ठेवलेले असतात. मग एकेक मागणी येते, एकेक ऑप्शन वाढतो, आणि काही काळानं हेल्पचं पान उघडलं की नावांचा एकमेकांशी मेळच बसत नाही. सगळं एकदा नीट लावून टाकावं असं तेव्हा वाटतंच. पण तोवर ते साधन कुणाच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत), कुणाच्या बिल्डमध्ये, कुणाच्या शेलच्या अलायसमध्ये (लांब कमांडच्या टोपणनावात) जाऊन बसलेलं असतं. नाव बदललं तर माणूस हेल्प वाचून सावरून घेतो, स्क्रिप्टला ते जमत नाही. शिवाय त्या स्क्रिप्ट कुठे आणि किती आहेत हे तुम्हाला कधीच कळत नाही.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत माझा आग्रह एकच आहे: नवी नावं हवी तेवढी जोडा, जुन्या नावाचा अर्थ मात्र बदलू नका. जुनी कमांड एक तर पूर्वीसारखीच चालावी, नाही तर स्पष्ट एरर देऊन थांबावी. ती चालली पण भलतंच काही करून बसली, यासारखं नुकसान दुसरं नाही, कारण ते लगेच दिसतही नाही.

उदाहरणासाठी ‘छाननी’ नावाचं एक काल्पनिक साधन घेऊ. लॉग फाइलमधून हव्या त्या ओळी निवडून देणं हे त्याचं काम. आज ते असं चालवावं लागतं:

छाननी --इनपुट_फाइल सर्व्हर.लॉग --आउट निकाल.टेक्स्ट --मॅक्सलाइन्स ५० --नोकलर

(लेखात ऑप्शन देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे.)

एका नावात अंडरस्कोर आहे. ‘मॅक्सलाइन्स’मध्ये दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल आहे. ‘नोकलर’मध्ये दोन शब्द चिकटले आहेत. ‘आउट’ अर्धवट आहे. आणि ‘-व्ही’ दिलं तर व्हर्जन छापलं जातं, पण निम्मे लोक ते जास्त तपशील दिसावा म्हणून देतात.

पायरी १: आज काय काय चालतं ते लिहून काढा

हेल्पच्या पानावरून यादी करू नका, पार्सरच्या, म्हणजे टाइप केलेले ऑप्शन वाचून समजून घेणाऱ्या भागाच्या, कोडवरून करा. दोन्हींत फरक निघतोच. प्रत्येक ऑप्शनपुढे चार गोष्टी लिहा: तो किंमत (‘--मॅक्सलाइन्स ५०’मधले ५० तशी) घेतो का, डिफॉल्ट काय (काहीच दिलं नाही तर काय धरलं जातं), दोनदा दिला तर काय होतं, आणि किंमत ‘=’ लावून चालते की जागा सोडून की दोन्ही.

मग कुठेच न लिहिलेल्या पण लोक ज्यांवर विसंबलेले असतात त्या गोष्टी बघा. काहीच सापडलं नाही तर एक्झिट कोड (काम संपल्यावर साधन परत देतं तो आकडा) काय येतो? ग्रेपमध्ये, म्हणजे मजकुरातून ओळी शोधणाऱ्या कमांडमध्ये, ओळ सापडली तर ०, नाही सापडली तर १ आणि गडबड झाली तर २ येतो, आणि असंख्य स्क्रिप्टमधल्या ‘इफ’ या तीन आकड्यांवर उभ्या आहेत. कोणता मजकूर स्टँडर्ड आउटपुटवर (निकालाच्या प्रवाहात) जातो आणि कोणता स्टँडर्ड एररवर (एरर आणि इशाऱ्यांच्या वेगळ्या प्रवाहात)? हाही तुमच्या साधनाचा करारच आहे, तुम्ही तो लिहून दिला नसला तरी.

पायरी २: नियम स्वतः शोधू नका, आहेत ते घ्या

दोन परंपरा पुरेशा आहेत. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या मानकात ऑप्शन कसे लिहावेत याचे नियम दिले आहेत: एका डॅशनंतर एक अक्षर, किंमत न घेणारी अक्षरं एकत्र जोडता यावीत, ‘--’ आलं की ऑप्शन संपले असं धरावं, आणि फाइलच्या जागी नुसता ‘-’ आला तर तो स्टँडर्ड इनपुट किंवा आउटपुट समजावा. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पानं त्यावर दोन डॅशवाली लांब नावं आणली आणि प्रत्येक साधनात ‘--हेल्प’ व ‘--व्हर्जन’ असावेतच असा दंडक घातला.

‘--’चा नियम नवशिके वगळतात. तो वगळू नका. एखाद्या फाइलचं नावच डॅशनं सुरू होत असेल तर ती तुमच्या साधनाला देण्याचा तो सर्वमान्य मार्ग आहे.

एकाक्षरी ऑप्शन मात्र फार जपून वाटा. अक्षरं थोडी असतात आणि एकदा दिलेलं अक्षर परत घेता येत नाही. एसएसएचला (दूरच्या संगणकावर लॉगिन करणारी कमांड) पोर्ट सांगायचा तर लहान ‘-पी’, पण एससीपीला (तिथे फाइल कॉपी करणारी कमांड) सांगायचा तर कॅपिटल ‘-पी’, कारण तिथे लहान ‘-पी’ फाइलची वेळ आणि परवानग्या जपण्यासाठी आधीच खर्ची पडलं होतं. दोन्ही कमांड ओपनएसएसएचच्या, एकाच दिवसात दोन्ही वापरणारे लोक असंख्य, आणि तरी ही विसंगती आता कुणालाही दुरुस्त करता येत नाही. म्हणून नवा ऑप्शन आला की त्याला आधी फक्त लांब नाव द्या. तो रोज वापरला जातोय असं दिसलं की मग अक्षर द्या. अक्षर नंतर देता येतं.

काही अक्षरांचे अर्थ लोकांच्या बोटांत बसले आहेत: ‘-ओ’ आउटपुटसाठी, ‘-क्यू’ शांतपणे चालण्यासाठी, ‘-एन’ पुष्कळदा ड्राय रन (प्रत्यक्ष काही न बदलता चालवून बघणं) किंवा संख्येसाठी. ‘-एच’ तर कुठे हेल्प असतं आणि डीएफ, डीयू या डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या कमांडमध्ये माणसाला वाचता येतील असे आकडे. जगभर एकवाक्यता नाहीच, त्यामुळे तुमच्या स्वतःच्या साधनांमध्ये, आणि सबकमांड (‘गिट पुश’मधल्या ‘पुश’सारख्या) असतील तर त्या सगळ्यांमध्ये, एका अक्षराचा एकच अर्थ राहील एवढं नक्की पाहा.

पायरी ३: नावं ठरवा

शब्दांमध्ये हायफन, सगळी अक्षरं लहान, शब्द पूर्ण. हे तीन नियम लावले की छाननीची नावं आपोआप सुटतात: ‘--इनपुट’, ‘--आउटपुट’, ‘--मॅक्स-लाइन्स’, ‘--नो-कलर’.

चालू-बंद प्रकारच्या ऑप्शनला नाव होकारार्थी द्या आणि त्याचा नकार ‘नो-’ लावून मिळू द्या. ‘--कलर’ आणि ‘--नो-कलर’ अशी जोडी असली की अलायसमध्ये एक ठेवून ऐन वेळी दुसरा देता येतो, शेवटी आलेला जिंकतो. ऑप्शन वाचणाऱ्या पायथॉनच्या आर्गपार्स या मॉड्यूलमध्ये ३.९ पासून अशी जोडी करून देणारी तयार सोय आहे. तिसरी शक्यता दिसत असेल तर पहिल्यापासूनच किंमत घेणारा ऑप्शन करा: ‘--कलर=ऑटो’, ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’. फ्लॅग (किंमत न घेणारा ऑप्शन) म्हणून सुरुवात केली आणि नंतर किंमत घ्यायची वेळ आली की अडचण होते. ती पुढच्या पायरीत.

वेळ किंवा आकार घेत असाल तर एकक नावात तरी असू दे किंवा किंमतीत तरी. ‘--टाइमआउट ३०’ म्हणजे सेकंद की मिलिसेकंद हे हेल्प न वाचता कळत नाही. ‘--टाइमआउट ३०एस’ कळतं, आणि उद्या मिनिटं स्वीकारायची झाली तर जुनी कमांड जशीच्या तशी चालते.

पायरी ४: ऐच्छिक किंमतीच्या वाटेला जाऊ नका

नवशिक्यांना सगळ्यात आकर्षक वाटणारी आणि सगळ्यात महाग पडणारी गोष्ट म्हणजे ‘किंमत दिली तर घ्या, नाही तर डिफॉल्ट’ असा ऑप्शन. पॉझिक्सचा नियम स्पष्ट आहे: ऑप्शनची किंमत ऐच्छिक असू नये. त्यामागचं कारण एकाच कमांडमध्ये दिसतं.

मजकूर बदलणाऱ्या सेड या कमांडचा ‘-आय’ फाइल जागच्या जागी बदलतो. ग्नूच्या सेडमध्ये त्याला बॅकअपचा प्रत्यय (बॅकअप फाइलच्या नावाच्या शेवटी लागणारी अक्षरं) ऐच्छिक आहे आणि द्यायचा तर चिकटवूनच द्यावा लागतो. मॅकओएसवरच्या सेडमध्ये तो प्रत्यय बंधनकारक आहे, बॅकअप नको असेल तर रिकामं अवतरण वेगळं द्यावं लागतं. आता लिनक्सवर लिहिलेली ‘सेड -आय -ई ...’ ही कमांड मॅकवर चालवा. ‘-ई’ हाच बॅकअपचा प्रत्यय समजला जातो. फाइल बदलते, एरर येत नाही, आणि शेजारी नावाच्या शेवटी ‘-ई’ लागलेली एक जास्तीची फाइल उभी राहते. उलट लिनक्सवर दोन अक्षरं जोडून ‘-आयई’ लिहिलं तर ‘ई’ प्रत्ययाची बॅकअप फाइल तयार होते. दोन्हीकडे चालेल असं लिहायचं तर ‘-आय.बॅक’ असा प्रत्यय चिकटवावा लागतो.

अनेक फाइल एका संग्रहात बांधणाऱ्या टारचंही असंच. जुन्या पद्धतीनं, डॅश न लावता, ‘टार सीएफव्ही संग्रह.टार फोल्डर’ लिहिलं तर नीट चालतं, कारण त्या पद्धतीत अक्षरं आधी येतात आणि त्यांच्या किंमती नंतर क्रमानं उचलल्या जातात. त्याच अक्षरांना डॅश लावून ‘-सीएफव्ही’ केलं की ‘एफ’ला लगेच पुढे असलेलं ‘व्ही’ हेच फाइलचं नाव म्हणून मिळतं. ‘व्ही’ नावाची फाइल तयार होते आणि संग्रह.टार ही आत भरायची वस्तू समजली जाते. एवढी वर्षं दोन्ही पद्धती सोबत चालू ठेवणं हे टार सांभाळणाऱ्यांचं मोठं काम आहे, त्यांनी जुन्या पद्धतीला हात लावला नाही हेच बरोबर केलं. तुम्ही मात्र नव्या साधनात असा दुहेरी अर्थ जन्मालाच घालू नका.

तरीही जुन्या फ्लॅगला किंमत द्यायची वेळ आलीच, तर ती फक्त ‘=’ लावूनच स्वीकारा. ‘--कलर’ एकटा आला तर पूर्वीसारखाच अर्थ, ‘--कलर=नेव्हर’ आलं तर नवा. जागा सोडून आलेला पुढचा शब्द कधीही गिळू नका, तो पूर्वी फाइलचं नाव होता.

पायरी ५: नवं नाव जुन्याच्या शेजारी बसवा

आता प्रत्यक्ष बदल. ‘--आउट’ काढायचा नाही. ‘--आउटपुट’ जोडायचा आणि दोन्ही एकाच व्हेरिएबलमध्ये जाऊन पडतील असं करायचं. जावानं २०१७ मध्ये जेडीके ९ सोबत हेच केलं. त्यांच्या साधनांत तोवर एका डॅशनंतर अख्खा शब्द लिहायची पद्धत होती. ऑप्शन कसे असावेत याचा एक मार्गदर्शक त्यांनी आधी ठरवला (जेईपी २९३ हा जावाच्या सुधारणांचा दस्तऐवज), दोन डॅशची नावं आणली, आणि ‘-क्लासपाथ’ व ‘-सीपी’ तसेच ठेवून शेजारी ‘--क्लास-पाथ’ बसवला. व्हर्जनच्या बाबतीत तर त्यांनी आणखी बारकाई पाळली: जुना ‘-व्हर्जन’ मजकूर स्टँडर्ड एररवर छापतो, नवा ‘--व्हर्जन’ स्टँडर्ड आउटपुटवर. नव्यात योग्य ते केलं आणि जुन्यावर विसंबलेल्यांना धक्का दिला नाही. नवं नाव घेण्याचा हा मोठा फायदा आहे, जुनी चूक नव्या नावात आणावी लागत नाही.

आर्गपार्समध्ये हे करताना एक खाच आहे. जुन्या नावासाठी वेगळा ऑप्शन जोडला, त्याचा डेस्ट (किंमत ज्या नावाखाली साठते ते) नव्याचाच ठेवला आणि डिफॉल्ट लिहिलाच नाही, तर तो ‘नन’ (काहीच नाही) धरला जातो. जुना ऑप्शन कोडमध्ये नव्याच्या आधी आला असेल तर हा ‘नन’ आधी बसतो आणि नव्याचा डिफॉल्ट लागतच नाही. म्हणून जुन्याचा डिफॉल्ट ‘सप्रेस’ करा (म्हणजे तो बसवूच नका), हेल्पही ‘सप्रेस’ करा. तो चालतो, पण पानावर दिसत नाही. पायथॉन ३.१३ पासून ऑप्शनवर ‘डेप्रिकेटेड’ (जुना झालेला) अशी खूण करता येते, तो वापरला की इशारा स्टँडर्ड एररवर आपोआप जातो.

दोन्ही नावं एकाच कमांडमध्ये आली तर? एकाच ऑप्शनचीच दोन नावं आहेत असं समजा, शेवटचा जिंकू द्या. एरर दिली तर अलायसमध्ये जुनं नाव ठेवून हातानं नवं टाइप करणारा माणूस विनाकारण अडतो.

छाननीचा ‘-व्ही’ मात्र नुसत्या जोडणीनं सुटत नाही. लोकांना त्याचा अर्थ तपशील असा हवा आहे, आज तो व्हर्जन छापतो. बदलला तर व्हर्जन तपासणाऱ्या इन्स्टॉल स्क्रिप्टला उत्तरच मिळणार नाही, कदाचित छाननी इनपुटची वाट बघत अडकून बसेल. मी असते तर ‘-व्ही’ला हात लावला नसता. तपशिलासाठी ‘--व्हर्बोज’ एवढंच लांब नाव दिलं असतं आणि विषय संपवला असता. प्रत्येक विसंगती दुरुस्त करायलाच हवी असं नाही.

पायरी ६: अर्धवट नावं चालतात का ते तपासा

ग्नूचं ऑप्शन वाचणारं फंक्शन गेटऑप्ट-लाँग आणि पायथॉनचं आर्गपार्स, दोन्ही लांब नावाचा सुरुवातीचा तुकडा स्वीकारतात, तो एकाच ऑप्शनला लागू पडत असेल तर. म्हणजे छाननीत कुणी ‘--मॅक्स ५०’ लिहिलं तरी आज ते चालतं. उद्या तुम्ही ‘--मॅक्स-साइझ’ जोडला की ‘--मॅक्स’ संदिग्ध होतो आणि ती स्क्रिप्ट एरर देते. तुम्ही काहीच काढलं नाही, फक्त जोडलं, आणि तरी मोडलं.

नवं साधन असेल तर हे पहिल्या दिवशीच बंद करा. आर्गपार्समध्ये त्यासाठी ‘अलाउ-अॅब्रेव्ह’ हा पॅरामीटर ३.५ पासून आहे. जुनं असेल तर बंद करणं हाच एक मोडता बदल ठरतो. अशा वेळी लोक वापरण्याची शक्यता असलेले तुकडे लपवलेली अधिकृत नावं म्हणून नोंदवून ठेवा आणि मग बंद करा.

पायरी ७: डिफॉल्ट बदलायचा असेल तर आधी विचारा

डिफॉल्ट बदलणं म्हणजे ज्यांनी काहीच टाइप केलं नाही त्यांच्यासाठीही अर्थ बदलणं. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटनं नुसत्या ‘गिट पुश’चं (बदल सर्व्हरवर पाठवणाऱ्या कमांडचं) वागणं २०१४ च्या २.० आवृत्तीत बदललं. त्याआधी बराच काळ गिट इशारा देत होतं: पुढे डिफॉल्ट बदलणार आहे, जुनं हवं असेल तर सेटिंगमध्ये हे लिहा, नवं आत्ताच हवं असेल तर हे लिहा. हा इशारा उत्तम होता, कारण त्यात दोन्ही बाजूंची नेमकी कमांड होती आणि एकदा निवड केली की तो गप्प होत होता.

पायरी ८: इशारा कसा द्यावा

इशारा नेहमी स्टँडर्ड एररवर, एका चालवण्यात एकदाच, आणि काय लिहावं ते सांगणारा:

छाननी: इशारा: ‘--आउट’ जुना झाला आहे, त्याऐवजी ‘--आउटपुट’ वापरा

पण इशाराही कुणाची तरी स्क्रिप्ट मोडू शकतो हे लक्षात असू द्या. ई-ग्रेप आणि एफ-ग्रेप या ग्रेपच्याच जोड-कमांड ग्नूनं २००७ मध्येच जुन्या ठरवल्या होत्या, पण त्या गुपचूप चालत होत्या. २०२२ मध्ये ग्रेप ३.८ पासून त्या दर वेळी इशारा छापू लागल्या. स्टँडर्ड एररवर काहीही आलं तर नापास करणाऱ्या चाचण्या त्यामुळे अडखळल्या, आणि काही लिनक्स वितरणांनी तो इशारा आपल्या पॅकेजमधून काढून टाकला. म्हणून जुनं नाव सांभाळायला तुम्हाला काहीच खर्च येत नसेल, तर इशारा देऊच नका. हेल्पमधून नाव लपवा आणि पुढे चला. जे खरोखर काढायचं आहे त्यालाच इशारा.

पायरी ९: स्क्रिप्टसाठी वेगळं आउटपुट द्या

लोक तुमचं आउटपुट तोडून-जोडून वापरतात. ते थांबवता येणार नाही, पण त्यांना एक पक्की जागा देता येते. ‘गिट स्टेटस --पोर्सेलिन’चं आउटपुट आवृत्ती बदलली किंवा वापरणाऱ्याची सेटिंग काहीही असली तरी तेच राहील असं गिटनं लिहून दिलं आहे. नवा आराखडा आणायचा झाला तेव्हा त्यांनी ‘--पोर्सेलिन=व्ही२’ जोडला आणि जुना तसाच ठेवला. अशी सोय दिलीत की माणसांसाठीचं आउटपुट सुधारायला तुमचे हात मोकळे होतात.

पायरी १०: जुन्या कमांड चाचण्यांत गोठवा

पहिल्या पायरीतल्या यादीतली प्रत्येक जुनी कमांड जशीच्या तशी एका चाचणीत ठेवा, आउटपुट आणि एक्झिट कोडसकट. या चाचण्या नव्या नावांनी ‘स्वच्छ’ करायचा मोह सहकाऱ्यांना होतो. फाइलच्या वरच लिहून ठेवा की इथली जुनी नावं मुद्दाम आहेत.

पायरी ११: काढायचंच असेल तर

जुनं नाव कोडमधून नुसतं पुसू नका. स्थानिक शाखा (ब्रँच) सर्व्हरवरच्या शाखेशी जोडणारा ‘गिट ब्रँच’चा ‘--सेट-अपस्ट्रीम’ हा ऑप्शन लोकांना गोंधळात पाडायचा. दूरस्थ शाखेचं नाव दिलं की त्याच नावाची नवी स्थानिक शाखा तयार होऊन बसायची. २०१२ मध्ये त्याच्या जागी ‘--सेट-अपस्ट्रीम-टू’ आला, आणि जुना २०१७ मध्ये बंद झाला. पण तो पार्सरमधून काढला असता तर अर्धवट नावांच्या सोयीमुळे ‘--सेट-अपस्ट्रीम’ हा नव्याचाच तुकडा समजला गेला असता आणि उलट्या अर्थानं चालला असता. म्हणून गिटनं तो पार्सरमध्ये ठेवला, फक्त त्याचं काम आता एवढंच: एरर देणं आणि त्याऐवजी काय वापरायचं ते सांगणं.

छाननीतून ‘--मॅक्सलाइन्स’ काढायची वेळ आली तर तिथेही तेच करा. नाव नोंदवलेलं राहू दे, ते आलं की शून्याखेरीज दुसरा एक्झिट कोड देऊन थांबा, आणि एररच्या ओळीत ‘--मॅक्स-लाइन्स’ लिहा. ते नाव पुढे दुसऱ्या कुठल्याही कामाला देऊ नका. आवृत्तीचा पहिला आकडाही त्याच वेळी वाढवा आणि बदलांच्या नोंदीत जुनी कमांड व नवी कमांड शेजारी शेजारी, कॉपी करता येईल अशी लिहा.